बारा नंबर

सहा हंगाम मी बाकावर बसलोय.
बाक लाकडी, रेल्वेच्या जुन्या डब्यातून उचकटून आणलेलं,
आमच्या गावातून गाडी जायची तेव्हाचं.
डाव्या टोकाला एक खिळा वर आलाय.
त्याची जागा माझ्या मांडीला पाठ आहे.

विल्मार एचेवेरी खेळतो. मी दुसरा.
रोज सकाळी, खाटीकखान्याचा भोंगा व्हायच्या आधी,
उरुग्वाय नदीवरचं धुकं अजून हललेलं नसतं,
मी त्याला चेंडू मारतो. शंभर, दीडशे.
कोपऱ्यात, पायाशी, उसळता, ओला.
उजवीकडे झेपावताना तो अर्धं पाऊल चुकायचा.
ते मीच दाखवलं. मीच घोटून घेतलं.
आता तिथून चेंडू जात नाही.
भिंतीची एकेक वीट माझ्या हातची,
आणि भिंतीच्या अलीकडे मी.

देवाकडे काय मागतो
ते फादर ओलासाबालनाही सांगितलेलं नाही.
मोठं काही नाही. एक बोट.
विल्मारच्या डाव्या हाताची करंगळी,
तीही मोडू नये, मुरगळावी फक्त.
तीन आठवडे.
मग जीभ चावतो.
त्याच्या धाकटीचा मी धर्मपिता आहे.

अंतिम सामना. समोर सान हाविएर,
सूर्यफुलं पिकवणारे, पणजोबांची रशियन आडनावं लावणारे.
बहात्तराव्या मिनिटाला विल्मार आणि त्यांचा नऊ नंबर
हवेत एकमेकांवर आदळले.
विल्मार पडला. उठेना.

आणि मी उभा होतो.
डॉक्टर अजून पेटी शोधत होता,
माझ्या हातात मोजे चढलेले, पट्टे आवळलेले.
पाय माझ्याआधी उठले, असं मी म्हणतो.
पायांवर ढकललेलं बरं असतं.
प्रशिक्षकानं पाहिलं. बोलला काही नाही.
विल्मारनं थुंकून दात चाचपले, उठला.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
मोज्यांतून टाळीचा आवाज येत नाही.

मग पेनल्ट्या.
आमच्या पाच आत, त्यांच्या चार. पाचवी मारायला गाल्किन.
त्याचे सामने बघायला तीन रविवार
मी दुधाच्या ट्रकमधून सान हाविएरला गेलो होतो.
कुणी पाठवलं नव्हतं.
आपली पाळी आलीच तर, म्हणून.
धावण्याआधी तो एकच पायमोजा वर ओढतो,
तेव्हा चेंडू गोलीच्या डावीकडे जातो. दोन्ही ओढले तर उजवीकडे.
विल्मारनं बाकाकडे पाहिलं.
आमचं ठरलेलं होतं :
मातेच्या पाण्याचा थर्मास माझ्या ज्या काखेत, ती त्याची बाजू.

गाल्किननं एकच मोजा ओढला.
थर्मास माझ्या उजव्या काखेत होता.

काख बदलायला किती वेळ लागतो?
तेवढाच लागला.
पण तेवढ्यात
मी विल्मारला चुकीकडे झेपावताना पाहिलं,
मग पुढच्या वर्षीचा संघाचा फोटो, मधल्या रांगेत मी,
छातीवर बारा नाही,
आणि झाकण सैल होतं म्हणून
बरगडीवर कढत पाणी सांडलं.

थर्मास डावीकडे. विल्मार डावीकडे. चेंडू त्याच्या मुठीवर.

नंतर आम्ही त्याला उचलून मैदानभर फिरवलं.
त्याची एक मांडी माझ्या खांद्यावर होती,
चिखलाचा बूट माझ्या छातीवर आपटत होता.
माझ्या शर्टाला त्या दिवशी लागलेली माती तेवढीच.

रात्री आईनं दारातच विचारलं, "जिंकलात?"
"जिंकलो," मी म्हणालो.
त्या शब्दात मी किती आणि बाकीचे किती,
हे तिनं विचारलं नाही.
तिनं धुवायला शर्ट मागितला.

म्हटलं, राहू दे आज.